छोट्या लाईनचे स्टेशन

आमच्या दवाखान्याची जी पुढची खोली, जिथे बत्तीस वर्षे रुग्ण बाकावर बसून आपल्या पाळीची वाट पाहत, तिथे आज एक रेल्वे स्टेशन उभे आहे. त्याची लांबी एक मीटर साठ सेंटिमीटर आणि रुंदी पन्नास सेंटिमीटर. त्यात फलाट आहे, तिकीटघर आहे, कडुनिंबाचे एक झाड आहे, संत्र्यांच्या चार पेट्या आहेत आणि कोळशाचे एक इंजिनही आहे. हे सर्व मुलांच्या खेळण्यातील प्लॅस्टिकच्या विटांचे आहे. अडुसष्ट वर्षांचा एक डॉक्टर दार लावून विटा जोडत बसतो, ही वार्ता पांढुर्ण्यात पसरायला वेळ लागला नाही. संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे 'छंद' या विषयावर लेख मागितला, त्यामागे कुतूहल किती आणि गंमत पाहण्याची इच्छा किती, हे मी विचारले नाही. मात्र कबुलीजबाब द्यायचा तर आपल्याच मंडळींपुढे दिलेला बरा.

माझा जन्म सौसरचा आणि व्यवसाय पांढुर्ण्याचा. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला व सौसर त्यात आले, तेव्हा माझी जन्मभूमी आणि कर्मभूमी सरकारदरबारी एकत्र आली. पण ही दोन्ही गावे माझ्या मनात प्रथमपासून दोन निरनिराळ्या रुळांवर वसलेली होती. पांढुर्ण्याला मोठी लाईन, म्हणजे दिल्ली-मद्रासचा राजरस्ता. तिथून धडाडत जाणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्या आपल्याकडे ढुंकूनही पाहत नसत. सौसरला मात्र छोटी लाईन. नागपूरहून सावनेर, लोधीखेडा, सौसर, रामाकोना, उमरानाला करीत छिंदवाड्याला जाणारी ती अडीच फुटी गाडी घाटात इतकी हळू चाले, की धाडसी मुले उतरून पुन्हा चढत. सातपुड्याच्या परिसरात अशा छोट्या लाईनीचे सुमारे हजार किलोमीटरचे जाळे एके काळी होते. माझे आजोळ छिंदवाड्याचे असल्याने दिवाळी आणि उन्हाळा यांची माझी पहिली आठवण कोळशाच्या धुराच्या वासाचीच आहे.

२०१५ च्या अखेरीस ती लाईन बंद झाली. रुंदीकरण होऊन २०२१ साली त्याच मार्गाने मोठी गाडी धावू लागली. ही प्रगती आहे आणि मला तिच्याविषयी तक्रार नाही. सौसरचा रुग्ण आता नागपूरला लवकर पोहोचतो. तरीही जुने रूळ उखडले जात असताना मी एकदा मुद्दाम गाडी थांबवून पाहत उभा राहिलो होतो, हे इथे नमूद करतो.

आता या छंदाचे खरे कारण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. पळसाचे झाड, त्यावरचा झेंडा, दोन्ही काठांवरचे दगड आणि दुपारनंतर फुटलेल्या कपाळांची रांग यांचे वर्णन वाचकांना सांगायला नको. आपल्यापैकी बहुतेकांनी त्या दिवशी टाके घातले आहेत. २०१६ च्या गोटमारीत माझ्यासमोर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा होता. भुवईवर तीन सेंटिमीटरची जखम, पापणीच्या अगदी जवळ. तोपर्यंत अशा शेकडो जखमा मी शिवल्या होत्या. सुई धरून हात पुढे नेला आणि सुईचे टोक थरथरताना मला दिसले. हात मागे घेतला, तो स्थिर झाला. पुन्हा पुढे नेला, पुन्हा थरथर. मुलगा डोळे मिटून होता, त्याला काही कळले नाही. मी सुई ट्रेमध्ये ठेवली, शेजारच्या टेबलावरच्या तरुण सहकाऱ्याला हाक मारली आणि 'जरा चहा घेऊन येतो' असे सांगून बाहेर आलो. चहा घेतला नाही.

नागपूरच्या मज्जाविकारतज्ज्ञांनी निदान केले ते मी मनात केलेच होते : इसेन्शियल ट्रेमर. पार्किन्सन नव्हे, एवढाच दिलासा. मला दमा असल्याने प्रोप्रॅनोलॉल देता येईना आणि प्रिमिडोनने मी दिवसभर पेंगू लागलो. त्यानंतर टाक्याची सुई मी हाती घेतली नाही. औषधे लिहून देण्याचे काम काही वर्षे केले, पण ज्याचा हात हेच त्याचे अस्तित्व, त्याला नुसती लेखणी पुरत नाही. ती लेखणीही हलतच होती.

त्या काळात मी फार चिडखोर झालो होतो, असे आमच्या सौ. सांगतात. एके दिवशी माळा साफ करताना त्यांना मुलाच्या लहानपणीची विटांची पेटी सापडली. मुलगा आता पुण्याला असतो. नातू येणार म्हणून विटा धुऊन मोठ्या परातीत वाळत घातल्या होत्या. मी सहज दोन उचलून एकमेकींवर दाबल्या. टक् असा आवाज झाला. हात हलतच होता, पण विटा हलल्या नाहीत.

वैद्यकीय वाचकांना यातील मर्म लगेच कळेल. या कंपामध्ये लक्ष्याजवळ जाताना हात अधिक थरथरतो आणि टाका घालताना नेमके तिथेच मनुष्य उघडा पडतो. विटेचे तसे नाही. वरच्या खुंट्या आणि खालच्या पोकळ नळ्या यांची गाठ पडेपर्यंत काय ते चाचपडायचे. एकदा गाठ पडली की घर्षणच तिला धरून ठेवते. मनगटाला वाळूची छोटी पिशवी बांधली की तेही सोपे जाते. आजार बरा होतो असा माझा दावा मुळीच नाही. कंप आहे तेवढाच आहे. पण मी पूर्ण केलेले काम संध्याकाळी टेबलावर दिसते.

या विटेचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. डेन्मार्कमधील बिलुंड या लहानशा गावी ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाचे सुतार होते. मंदीत घरे बांधायची कामे मिळेनात, म्हणून १९३२ साली ते शिड्या व इस्त्रीच्या पाटांबरोबर लाकडी खेळणी करू लागले. १९३४ साली त्यांनी 'छान खेळा' या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून 'लेगो' हे नाव घेतले. प्लॅस्टिकची वीट १९४९ साली आली, तीही हिलरी पेज या इंग्रज गृहस्थांच्या 'किडीक्राफ्ट' विटेवरून. पण त्या विटा पोकळ होत्या आणि घट्ट बसत नसत. आतल्या नळ्यांची युक्ती ओले कर्क यांचे चिरंजीव गॉटफ्रेड यांनी काढली व २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी ओले कर्क वारले. पुढे १९६० साली लाकडी खेळण्यांच्या गोदामाला आग लागली आणि कंपनीने लाकूड कायमचे सोडले. १९५८ ची वीट आजच्या विटेत बसते, ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. आपल्या शस्त्रक्रियेच्या उपकरणांबद्दल असे म्हणता येईल काय? आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे कोपनहेगनच्या गणितज्ञांनी मोजून दाखविले आहे.

प्रौढांचा हा छंद आता इतका मान्य झाला आहे की २०२० पासून काही पेट्यांवर 'वय अठराच्या पुढे' असेच छापलेले असते. २००८ साली निघालेला ताजमहाल ५,९२२ तुकड्यांचा होता. २०२२ चा आयफेल टॉवर १०,००१ तुकड्यांचा आहे. किमती ऐकल्यावर आमच्या सौ.नी जो चेहरा केला, त्यावरून मी तयार संचांच्या वाटेला गेलो नाही.

बालरोगतज्ज्ञ मित्रांना तुकडे गिळण्याची धास्ती असते, ती योग्यच आहे. त्यांच्यासाठी एक गंमत सांगतो. २०१८ साली सहा बालरुग्णसेवकांनी प्रत्येकी एका विटबाहुलीचे पिवळे डोके स्वतः गिळले आणि ते केव्हा बाहेर पडते याची नोंद ठेवून प्रतिष्ठित नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध केला. सरासरी काळ १.७१ दिवस. सहापैकी एकाला आपले डोके शेवटपर्यंत सापडले नाही! गंभीरपणे सांगायचे तर डॅनियल लगॉफ या मानसशास्त्रज्ञांनी स्वमग्न मुलांसाठी याच विटांचा उपयोग करून २००४ साली निबंध लिहिला. एक मूल आराखडा वाचणारे, दुसरे तुकडे पुरविणारे, तिसरे जोडणारे. एकमेकांशी बोलल्यावाचून काम पुढे सरकतच नाही.

मी स्टेशन बांधायचे ठरविले तेव्हा पहिली अडचण प्रमाणाची आली. विटबाहुली चार सेंटिमीटरची, म्हणजे माणसाच्या साधारण चाळिसावा हिस्सा. दोन खुंट्यांमधील अंतर ८ मिलिमीटर. या प्रमाणात एक खुंटी म्हणजे प्रत्यक्षातले ३२ सेंटिमीटर. दार तीन खुंट्या रुंद केले तर शहाण्णव सेंटिमीटरचे होते, चार केले तर वखारीचे वाटते. असे प्रत्येक गोष्टीत तडजोड करीत जावे लागते. दीडशे मीटरचा फलाट चाळीसने भागला तरी पावणेचार मीटर होतो आणि खोलीतून बाहेर जातो, तेव्हा तो निम्म्याहून अधिक आखडला. खरी मौज रुळांची झाली. कंपनीचे तयार रूळ एकमेकांपासून सुमारे ३८ मिलिमीटरवर असतात. मोठ्या लाईनीचे १,६७६ मिलिमीटर चाळीसने भागले तर ४२ येतात, म्हणजे तो रूळ थोड्या फरकाने पांढुर्ण्याचा! छोट्या लाईनीचे ७६२ भागिले चाळीस म्हणजे फक्त १९. खेळण्यातही सौसरला रूळ नव्हता. शेवटी चपट्या पट्ट्या उभ्या लावून मी तो स्वतः तयार केला. त्यावर बसणारी चाके मिळत नाहीत, त्यामुळे आमची गाडी फलाटाला उभी आहे.

'म्हातारपणी पोरखेळ' असे एका जवळच्या स्नेह्यांनी तोंडावर म्हटले. त्यांना मी विचारले, आपल्याकडे महालक्ष्म्यांपुढे आरास कोण मांडते? माझी आई काचेचे हत्ती, कापसाची बदके आणि चिनीमातीची बाहुली वर्षभर पेटीत जपून ठेवी व ते तीन दिवस मांडी. कुणी हात लावला तर रागवे. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मुलांचा म्हणायचा, पण त्याची झूल शिवायला आणि शिंगे रंगवायला रात्री कोण जागते? पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीचा किल्ला बांधताना मुले चिखल आणून देतात आणि बुरुजाचा कोन वडीलच ठरवितात. आपल्या गावात तान्हा पोळा आणि गोटमार एकाच दिवशी येतात. सकाळी लाकडी बैलांचे कौतुक करून मी दुपारी टाके घालायला बसत असे. हे सांगितल्यावर स्नेही गप्प झाले. पटले म्हणून की कंटाळले म्हणून, ते कळले नाही.

संस्थेच्या गेल्या स्नेहसंमेलनात हे स्टेशन प्रथमच बाहेर मांडले. नेताना एका खड्ड्यात गाडी आदळली आणि तिकीटघर कोसळले. सभागृहात पोहोचल्यावर दोन तरुण डॉक्टर आणि त्यांची मुले जमिनीवर बसून ते उभे करीत होती, मी खुर्चीवरून सूचना देत होतो. अनेक वर्षांनी मला पुन्हा शस्त्रक्रियागृहात असल्यासारखे वाटले.

गर्दी ओसरल्यावर माझे एक जुने रुग्ण आले. छोट्या लाईनीवर गँगमन होते, आता ऐंशीच्या पुढे आहेत. चष्मा पुसून त्यांनी सावकाश सगळे पाहिले. मला कौतुकाची अपेक्षा होती. ते म्हणाले, "पान्याचा खांब इकडे नोहता जी डाक्टरसाहेब. सिंदवाड्याच्या अंगाले होता." मी म्हटले, मला लहानपणापासून तो नागपूरच्या टोकाला आठवतो. ते म्हणाले, "तुमी गाडीत बसून पाह्यला. मी त्याच्याखाली आंग धुतलं." यावर वाद संपला. मग त्यांनी कडुनिंबाच्या जागेवर बोट ठेवले, ती बरोबर निघाली. घंटा कुठे टांगलेली असे ते दाखविले. इंजिनाजवळ उभ्या केलेल्या बाहुलीकडे पाहून विचारले, हा कोण? मी सांगितले, तुम्हीच. ते बराच वेळ खाली वाकून पाहत राहिले आणि मग म्हणाले, याच्या हातात हातोडा पाहिजे.

हातोडा मिळाला आहे. पाण्याचा खांब मी काढला असून तो छिंदवाड्याच्या बाजूला नव्याने उभा करायचा आहे. त्यासाठी गोल करड्या विटा कमी पडत आहेत, त्या नातू दिवाळीत आणणार आहे. तिकीटघराच्या खिडकीचा रंग मात्र आम्हा दोघांच्या आठवणीत जुळत नाही. ते हिरवा म्हणतात, मी निळा. आपल्यापैकी कुणाच्या घरी २०१५ पूर्वीच्या सौसर स्टेशनचे छायाचित्र असेल, लग्नाच्या वऱ्हाडाचे, बदलीच्या निरोपाचे किंवा कुठलेही, ज्यात ती खिडकी दिसते, तर कृपया दोन दिवसांसाठी द्यावे. प्रत काढून मूळ छायाचित्र मी स्वतः आणून पोहोचवीन. दवाखान्याची पुढची खोली संध्याकाळी पाच ते सात उघडी असते.