आधी कडू, मग सुवास

मिरजेत आमच्या शेजारचा मुलगा पुण्याला बीअर बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात लागला. आमच्या घरी दारू वर्ज्य, म्हणून माझ्यापाशी तो या नोकरीचं नाव काढत नसे. पण एक अख्खी खेप त्याच्या हातून बिघडली, आणि सुट्टीत येऊन त्यानं ते मलाच सांगितलं. "चाचा, हॉप्सची पाकिटं उलटसुलट झाली. माल ना कडू, ना सुवासाचा. नोकरी जाते की काय!"

हॉप्स म्हणजे भांगेच्या कुळातल्या एका वेलीची हिरवी, खवल्याखवल्यांची फुलं. आत पिवळी भुकटी असते. तिच्यात राळ असते आणि तेलही. राळेतली अल्फा आम्लं नुसत्या पाण्यात फारशी उतरत नाहीत. तासभर उकळली की त्यांचं रूप पालटतं आणि सातूच्या माल्टच्या गोडीला आवर घालणारा कडूपणा येतो. तेलाचं उलट, ते वाफेबरोबर उडून जातं. म्हणून सुवासाचे हॉप्स शेवटच्या पाच-दहा मिनिटांत, किंवा रस गार झाल्यावर घालतात. बिर्याणीत केवडा दम देताना शिंपडतात, मसाल्याबरोबर परतत नाहीत, तसंच.

आता निवड कशी करायची? जर्मनीच्या मॅग्नम जातीत अल्फा आम्ल साधारण 12 ते 14 टक्के, तर झेक साझमध्ये 3 ते 4. म्हणजे 10 ग्रॅम मॅग्नमचं काम साझकडून करून घ्यायला 35-40 ग्रॅम लागतात. एवढा पाला पडला की चोथा वाढतो, चोथ्यात रस अडकतो, आणि साझचा नाजूक वास उडून जातो तो वेगळाच. म्हणून कडूपणासाठी मॅग्नम, वासासाठी साझ. अमेरिकेची कॅस्केड दोन्हीकडे चालते. टक्केवारी मात्र दर हंगामात बदलते, त्यामुळे पाकिटावरचा आकडा वाचूनच वजन ठरवायचं.

मी विचारलं, महाबळेश्वरला थंडी आहे, तिथं ही वेल का लावत नाहीत? तो म्हणाला, नुसती थंडी पुरत नाही. फुलोऱ्याआधी उन्हाळ्यातले लांबलचक दिवस लागतात, आणि आपला सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. हिमाचलच्या लाहौलमध्ये मात्र हॉप्स पिकतात.

नोकरी टिकली. आता पाकिटं ठेवायच्या फ्रीजमध्ये त्यानं दोन कप्पे केलेत. एकावर मराठीत 'आधी' लिहिलंय, दुसऱ्यावर 'नंतर'.