काच फुटली, भोंगा गप्प!

गेल्या मे महिन्यात पुण्याला एका लग्नाला गेलो होतो. जेवून बाहेर येतो तर काय, गाडीच्या मागच्या दाराची काच फुटलेली, सीटवर चुरा, आणि वडिलांच्या रिपोर्टांची फाइल असलेली बॅग गायब! गाडीला अलार्म होता. तो वाजलाच नाही.

का, ते गॅरेजच्या मिस्त्रींनी समजावलं. साधा अलार्म दारं, बॉनेट आणि डिकीच्या स्विचांवर चालतो. चोरानं दार उघडलंच नव्हतं. फुटक्या काचेतून हात घालून बॅग उचलली होती. इमोबिलायझरचाही इथे उपयोग नाही. किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय तो इंजिन सुरू होऊ देत नाही. गाडी वाचते, सामान नाही.

तेव्हा अलार्म घेताना दोन गोष्टी विचारा. धक्का ओळखणारा शॉक सेन्सर आहे का? आतली हालचाल टिपणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे का? शॉक सेन्सर फार नाजूक ठेवलात, तर शेजारून ट्रक गेला तरी भोंगा सुरू! रोज बोंबलणाऱ्या भोंग्याकडे सोसायटीत कोणी ढुंकूनही पाहत नाही. लांडगा आला रे आला, दुसरं काय!

बसवून झाल्यावर काच खाली करून गाडी लॉक करा, मिनिटभर थांबा आणि आत हात घाला. वाजला, तरच पैसे द्या.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय? सीटवर काही ठेवूच नका. त्या कागदांचा चोराला काय उपयोग? वडिलांच्या तपासण्या मात्र आम्हाला पुन्हा कराव्या लागल्या.