पेटंटची वीस वर्षे कुठल्या तारखेपासून?

“ऑफिसनं साडेपाच वर्षं लावली, पण आता मिळालं ना. इथनं पुढं वीस वर्षं बिनघोर.” कुंडल-पलूस भागात पेटंट मिळालेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य हमखास येते. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या शिवेलगत कारखाना उभारला. तेव्हापासून लोखंडाशी झटणारी माणसे या भागात कमी पडलेली नाहीत. कुणी हळद शिजवायचा कुकर सुधारतो, तर कुणी द्राक्षबागेच्या ब्लोअरमध्ये बदल करतो. अशी माणसे पेटंटच्या मुदतीबद्दल चुकीच्या समजुतीत राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून हे लिहितो आहे.

आधी प्रमाणपत्र नीट वाचू. त्यावर दोन तारखा असतात. मजकुरात लिहिलेले असते, की हे पेटंट अमुक तारखेपासून २० वर्षांसाठी दिले आहे. ती तारीख अर्जाची. मंजुरीची तारीख वेगळी, खाली छापलेली. लोक खालची तारीख बघून पुढची वीस वर्षे मोजतात. कायदा वरची बघतो. समजा अर्ज १० जून २०१८ चा आणि मंजुरी १० डिसेंबर २०२३ ची. तर पेटंट जून २०३८ मध्ये संपणार, म्हणजे हातात उरली साडेचौदा वर्षे. तपासणीत गेलेली साडेपाच वर्षे भरून मिळत नाहीत. दोष कार्यालयाचा असला तरीही नाही. पेटंट कायद्याच्या कलम ५३ मध्ये अशा भरपाईची तरतूदच नाही.

आधी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करून बारा महिन्यांच्या आत पूर्ण तपशील दिला, तरी वर्षे मोजायची ती पहिल्या अर्जापासूनच. “कच्चा अर्ज धरत नाहीत” हे ऐकीव आहे. ते अमेरिकेला लागू पडते, आपल्याला नाही.

अमेरिकेचे नाव निघाले की दुसरा गैरसमज पुढे येतो: तिकडे उशीर झाला की सगळा वेळ परत देतात. देतात, पण काटेकोर हिशेब करून. पहिले उत्तर १४ महिन्यांत यायला हवे, अर्जदाराच्या उत्तरावर कार्यालयाने ४ महिन्यांत पुढचे पाऊल टाकायला हवे आणि एकूण प्रकरण ३ वर्षांत निकाली निघायला हवे. यांपैकी जी मर्यादा ओलांडली जाईल, तिचे दिवस मोजून पेटंटच्या शेवटी जोडतात. एकच दिवस यांतल्या दोन मर्यादांच्या उशिरात येत असेल तर तो एकदाच धरतात. अर्जदाराने स्वतः उत्तर द्यायला तीन महिन्यांपेक्षा जास्त वेळ घेतला असेल, तर तेवढे दिवस वजा होतात. आळस करणाऱ्याला तिथेही माफी नाही. जपान, दक्षिण कोरिया आणि २०२१ पासून चीनमध्येही अशी तरतूद आहे. म्हणून एकाच यंत्राचे पेटंट इथे आधी आणि अमेरिकेत काहीशे दिवस उशिरा संपू शकते. प्रत्येक देशाचे पेटंट स्वतंत्र असते.

मग भारत जागतिक नियम मोडतो का? नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात अर्जापासून किमान २० वर्षे एवढीच अट आहे. वाढ देण्याचे बंधन नाही. आपल्याकडे १९११ च्या जुन्या कायद्यात पुरेसा मोबदला मिळाला नाही असे दाखवून मुदत वाढवून मागता येत असे. १९७० च्या कायद्याने ते बंद केले, आणि माझ्या मते योग्य केले. मुदतीचे एकेक वर्ष किती जड असते, हे क्षयरोगावरच्या बेडाक्विलिन या औषधाने दाखवले. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. त्या औषधाच्या क्षाररूपावरचा जॉन्सन अँड जॉन्सनचा दुसरा अर्ज मंजूर झाला असता, तर मक्तेदारी २०२७ पर्यंत गेली असती. क्षयरोगातून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. ती चार वर्षे रुग्णांची होती.

पण या नियमाचा भार मोठी कंपनी आणि गावातला फॅब्रिकेटर दोघांवर सारखाच पडतो, आणि सोसतो तो फॅब्रिकेटर. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाची फी असते. मंजुरी उशिरा आली की वाट पाहण्यात गेलेल्या वर्षांचीही फी भरावी लागते. वरच्या उदाहरणात तिसऱ्या ते सहाव्या वर्षाची, व्यक्तीला ऑनलाइन दरवर्षी ८०० रुपये, म्हणजे ३,२०० रुपये झाले. ती मंजुरीची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरायची. फी राहिली तर पेटंट बाद होते. रक्कम फार नाही, पण पत्र कपाटात पडून राहते आणि पेटंट जाते.

सर्वांत घातक समज वेगळाच आहे: अर्ज केला की तपासणी आपोआप सुरू होते. तसे होत नाही. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, पण परीक्षणाची मागणी फॉर्म १८ भरून वेगळी करावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांसाठी तिची मुदत अग्रक्रमाच्या, म्हणजे पहिल्या अर्जाच्या, तारखेपासून ३१ महिने आहे. आधीच्यांसाठी ४८ होती. ती चुकली तर अर्ज मागे घेतल्यासारखा धरला जातो. दोन वर्षे “काम चालू आहे” म्हणत बसणाऱ्याच्या फाईलला तोवर कुणी हातही लावलेला नसतो. हे दिवस कार्यालयाने नाही, आपणच घालवलेले असतात.

“पेटंट प्रलंबित” लिहिले म्हणजे नक्कल थांबवता येते, हेही अर्धेच खरे. मंजुरीपूर्वी दावा लावता येत नाही. मात्र मंजुरी मिळाल्यावर अर्ज प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासूनची नुकसानभरपाई मागता येते. म्हणून फॉर्म ९ भरून अर्ज लवकर प्रसिद्ध करून घेणे फायद्याचे आहे. त्याची व्यक्तीसाठीची ऑनलाइन फी २,५०० रुपये आहे.

वेळ वाचवण्याची एक सोयही आहे. स्टार्टअप, लघुउद्योग, किंवा अर्जदार व्यक्तींमध्ये एक तरी स्त्री असेल, तर फॉर्म १८अ वर जलद परीक्षण मागता येते. वर्कशॉपची उद्यम नोंदणी असेल तर अर्ज तिच्या नावाने करता येईल का, हे पेटंट एजंटला आधीच विचारा. परीक्षण अहवाल आला की उत्तराला सहा महिने असतात. ते पहिल्याच महिन्यात तयार करायला घ्या.

आज घरी गेलात की अर्जाची पावती काढा, तिच्यावरची तारीख बघा आणि फॉर्म १८ भरला आहे का, हे आजच एजंटला फोन करून विचारा.