खांडस ते नागफणी: पदरापदराने चढणारे रान

भीमाशंकरच्या घाटवाटा समजून घ्यायच्या तर सुरुवात दगडापासून करावी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा सह्याद्री घडला. कठीण थरांचे सरळसोट कडे झाले. मऊ थर झिजले आणि दोन कड्यांच्या मध्ये पदर, म्हणजे अरुंद सपाट्या, उरल्या. कड्यावर माती ठरत नाही. ती पावसाबरोबर वाहत येऊन पदरात साचते आणि रानही तिथेच माजते.

कर्जत तालुक्यातल्या खांडस गावाच्या पुढे, पुलाजवळ वाट फुटते. शिडी घाट कड्याला थेट भिडतो: लोखंडी शिड्या, खोबणी आणि एका बाजूला दरी. गणेश घाट पदरगडाला वळसा घालून, वाटेतल्या गणपतीच्या देवळावरून, सावकाश चढतो. लांब पडतो, पण पावसाळ्यात शहाण्याने हाच धरावा; शेवाळलेल्या शिडीवर अनुभवाची फुशारकी कामाला येत नाही.

पायथ्याशी भातखाचरे संपली की साग, ऐन अशी पानझडी झाडे लागतात. उघड्या उतारांवर कारवीची दाटी असते. ती सात वर्षांनी एकदाच जांभळी फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तिच्या सरळ काठ्या कुडाच्या भिंतींना वापरतात. उतारावरची माती धरून ठेवण्याचे मोठे काम याच झुडपाचे.

दोन्ही वाटा पदरवाडीच्या पठारावर एकत्र येतात. थोडा विसावा, झोपडीतला चहा, आणि पुढे शेवटची, दमछाक करणारी चढण. इथून रानाचा नूर पालटतो. घाटमाथ्यावर अडणारे ढग आणि मुबलक पाऊस यांमुळे जांभूळ, अंजनी अशी सदाहरित झाडे दाटतात आणि भर दुपारीही वाटेवर सावली राहते. पावसाळी रात्री कुजक्या लाकडावरची बुरशी इथे हिरवट प्रकाशते.

या रानाचा खरा धनी शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस पाठ, पिवळसर पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. तो सहसा जमिनीवर उतरत नाही, या झाडावरून त्या झाडावर झेपा टाकतो. त्यामुळे फांदीला फांदी भिडलेली असणे ही त्याची पहिली गरज. घरटे तो बारीक फांद्यांच्या टोकाशी बांधतो, जिथे जड शिकाऱ्याचे वजन पेलत नाही. एकाच शेकराची अशी अनेक घरटी असतात. 1985 मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले, त्यात त्याचे संरक्षण हा मुख्य हेतू होता.

चढण संपली की माथ्यावरच्या भीमाशंकर ज्योतिर्लिंगाच्या देवळापासून हनुमान तळ्यावरून नागफणीला जाता येते. हजार मीटरहून उंच असलेले हे टोक कोकणातून नागाच्या फण्यासारखे दिसते. हवा स्वच्छ असेल तर खाली पदरगड, उत्तरेला सिद्धगड आणि गोरखगड ओळखू येतात. कडा उघडा आहे, वारा जोराचा. धुक्यात काठाशी जाऊ नये. उतरताना शिडी घाट टाळावा. दिवस कलला असेल तर देवळापासून मंचरकडे जाणारी एसटी गाठणे बरे.