फाइलला लागलेलं पत्रक

१ ऑगस्ट २०२४. सिंगापूरमध्ये दुपारचे साडेतीन वाजले होते. मुलगा शाळेतून येऊन वरणभात जेवत होता आणि मी ओट्याशी फोन टेकवून पॅरिसची नेमबाजी बघत होते. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. आधी गुडघ्यावर, मग पालथं पडून, शेवटी उभं राहून नेम धरायचा. आपला स्वप्निल कुसाळे सुरुवातीला मागे होता. उभ्यानं नेम धरायची पाळी आली तसा एकेकाला मागे टाकत तो तिसरा आला. ४५१.४ गुण आणि कांस्यपदक! मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या आजी काळजीनं दार वाजवायला आल्या.

त्यांना काय सांगणार? १९५२ साली हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली! खाशाबांच्या प्रवासासाठी गावानं वर्गणी काढली होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. त्या काळी सरकारी मदत म्हणजे जवळजवळ शून्यच.

स्वप्निल राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक. २००९ मध्ये त्यांनी त्याला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं आणि तिथे त्यानं नेमबाजी निवडली. रायफल, गोळ्या, मार्गदर्शक, रेंज हे सगळं शिक्षकाच्या पगारात बसणारं नव्हे. २०१५ पासून रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी मिळाली, म्हणजे घर चालवून सराव करता आला. पदकानंतर बक्षिसाच्या रकमेवरून बरीच चर्चा झाली. मला मात्र २००९ चा तो प्रवेश जास्त मोलाचा वाटतो. पदकानंतरचे कोटी सगळ्यांना दिसतात. पदकाआधीची पंधरा वर्षं कोणी पोसली, ते कुणी विचारत नाही.

इथेही चित्र फार वेगळं नाही. २०१६ मध्ये रिओला जोसेफ स्कूलिंगनं १०० मीटर बटरफ्लायमध्ये मायकल फेल्प्सला हरवून सिंगापूरचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं आणि त्याला १० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. पण शाळकरी वयात त्याला अमेरिकेत सरावाला पाठवलं ते आईवडिलांनी, स्वतःच्या खर्चानं. फरक एवढाच, की इथल्या मुलाला पोहण्याचा सरकारी तलाव घराजवळ सापडतो आणि वुडलँड्सचं स्पोर्ट्स स्कूल ट्रेननं गाठता येतं. कांबळवाडीच्या मुलाला आधी कुणीतरी सांगावं लागतं, की बाबा रे, अशी एक सोय आहे.

हे ‘कुणीतरी’ बहुधा शाळेतलेच असतात. आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे.

लग्नाआधी मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवत असे. आठवीत एक मुलगी होती. वाडीवरून रोज चालत, खरं तर धावतच यायची आणि प्रार्थनेला कधी दमलेली दिसायची नाही. त्या वर्षी प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांचं पत्रक शिक्षकखोलीत आलं. ३० मीटर धावणं, शटल रन, उभ्यानं लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर. वाचताना मला तीच आठवली. पण आमच्याकडे क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी होती आणि मी मनात म्हटलं, हे काही मराठीच्या बाईंचं काम नव्हे. पत्रक फाइलला लागलं. पुढच्या वर्षी मी चौकशी केली तोवर तिचं वय उलटून गेलं होतं. तेव्हा प्रबोधिनीत साधारण ८ ते १४ वर्षांचीच मुलं घेत असत.

शासनाची योजना होती, पत्रकही वेळेवर आलं होतं. अडलं माझ्या टेबलावर.

आता तर मदतीची दारं वाढली आहेत. ‘खेलो इंडिया’त निवडलेल्या मुलांना वर्षाला ५ लाखांची मदत आठ वर्षांपर्यंत देण्याची घोषणा २०१८ मध्ये झाली. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, तिथे त्याला धावण्याची वाट सापडली आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण त्यानं आणलं. पण बारावीनंतर सैन्यात जाऊन वाट सापडणं हा नशिबाचा भाग. दहाव्या वर्षी ती दाखवणं हे मोठ्यांचं काम.

आपण मंडळी डिसेंबरात गावी जातो. शाळेला भेट देतो, वह्या आणि खाऊ वाटतो, फोटो काढतो. या खेपेला मुख्याध्यापकांना एवढंच विचारूया : प्रबोधिनीच्या चाचण्यांचं पत्रक यंदा आलं का, आणि तुमच्याकडून कोण जातंय? जिल्हा ठिकाणी जायला एसटीचं भाडं आणि एक जोडी बूट लागतील. तेवढं आपल्यातल्या कुणालाही जमेल.

मी माझ्या जुन्या शाळेत फोन केला आहे. क्रीडाशिक्षकाची जागा अजून रिकामीच आहे. पण मराठीच्या नव्या बाईंनी पत्रक शोधून ठेवते म्हटलंय.