श्रीलंकेची सहल : आधी स्वयंपाकघर, मग तिकीट

“तुम्ही सगळे जाऊन या, मी घरी राहते.” श्रीलंकेच्या सहलीचा विषय निघाला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींचे पहिले वाक्य हे होते. कंदमुळांचा त्याग, चौविहार आणि दुखरे गुडघे, अशी त्यांची तीन कारणे. आपल्या अनेक घरांतील ज्येष्ठ स्त्रिया याच कारणांनी प्रवास टाळतात आणि आपणही त्यांचा नकार फार लवकर मान्य करतो.

बँकेत कर्जप्रकरणे तपासताना मला एक सवय जडली होती. अडचण कोठे आहे हे आधी पाहावे, मंजुरीचा विचार नंतर करावा. त्याप्रमाणे त्यांच्या तीन अडचणी कागदाच्या शिरोभागी लिहिल्या आणि खाली सहल मांडली. त्या अनुभवाचा वाचकांस उपयोग व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एकपंचमांशाहून थोडे अधिक. एवढ्याशा भूमीत युनेस्कोची आठ जागतिक वारसास्थळे आहेत. मुंबईहून कोलंबोला विमान सुमारे अडीच तासांत पोहोचते आणि घड्याळाचे काटेही बदलावे लागत नाहीत. देश लहान म्हणून सारे काही एका आठवड्यात पाहण्याचा मोह होतो. प्रवास कंपनीने आम्हांस सात रात्रींत सहा हॉटेले दिली होती. आम्ही मुक्काम तीनच ठेवले : अनुराधपूर, सिगिरिया आणि कँडी.

ऋतूचा विचार प्रथम करावा. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस दक्षिण-पश्चिम किनारा व डोंगराळ भागात पडतो, तर डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस उत्तर व पूर्व भागास मिळतो. आमच्या मार्गासाठी फेब्रुवारी सोयीचा ठरला. दिवाळीचा हंगाम संपलेला आणि मार्चअखेरचे हिशेब दूर असल्याने चिरंजीवांनाही दुकानातून सवड मिळाली.

अनुराधपूर हे ‘नुसते अवशेष’ म्हणून अनेक जण वगळतात. आपण ते वगळू नये. ‘महावंस’ या प्राचीन पाली ग्रंथानुसार पांडुकाभय राजाने या नगरीत निर्ग्रंथांसाठी निवास बांधले होते. निर्ग्रंथ म्हणजे जैन श्रमण. पुढे इसवी सनपूर्व पहिल्या शतकात वट्टगामणी अभय हा राजा पराभूत होऊन पळत असता गिरी नावाच्या निर्ग्रंथाने त्याची हेटाळणी केली. राज्य परत मिळताच राजाने तो निर्ग्रंथ-आश्रम पाडून तेथे बौद्ध विहार उभारला. राजाचे व निर्ग्रंथाचे नाव मिळून त्याला ‘अभयगिरी’ म्हणू लागले, असे ही कथा सांगते. आज तेथे आपल्या परंपरेची खूण म्हणून दाखवावे असे काही दिसत नाही. नावात तेवढा ‘गिरी’ उरला आहे. त्या प्रचंड स्तूपाखाली मी ही हकीकत सांगितली तेव्हा एरवी मोबाइलमध्ये रमणारी नातही शांतपणे ऐकत होती. येथील स्तूपांजवळ अनवाणी जावे लागते. दुपारी दगड तापतात, म्हणून सकाळी लवकर जावे.

सिगिरियाचा खडक सुमारे २०० मीटर उंच आहे. पाचव्या शतकात कश्यप राजाने त्याच्या माथ्यावर राजवाडा उभारला. वर जाण्यास सुमारे १,२०० पायऱ्या चढाव्या लागतात. मुले वर गेली. आम्ही दोघे पायथ्याच्या जलोद्यानात फिरलो, आणि पंधराशे वर्षांपूर्वीची ती जलयोजना पाहण्यात दोन तास कसे गेले ते कळले नाही. जवळच्या मिन्नेरिया तलावाकाठी जुलै ते सप्टेंबरमध्ये हत्तींचे मोठे कळप जमतात. हत्ती जीपमधून, अंतर राखून पाहावेत; त्यांच्या पाठीवर बसण्याची सफर आपण घेऊ नये.

आता मुख्य मुद्दा, भोजनाचा. भात, मसुराचे वरण, फणसाची भाजी, नारळाचे दूध, इडिअप्पम असे शाकाहारी पदार्थ तेथे विपुल आहेत. परंतु ‘उंबलकड’ नावाचा सुक्या माशाचा चुरा चटणीत आणि कधी भाजीतही घालतात. त्यामुळे ‘व्हेज’ एवढा शब्द पुरत नाही. मासा, अंडे, कांदा, लसूण, बटाटा यांपैकी काहीही नको, आणि जेवण सायंकाळी साडेपाचला हवे, असा मजकूर आम्ही आरक्षणापूर्वीच प्रत्येक ठिकाणी पाठवला. एका मोठ्या हॉटेलने रात्रीचे जेवण साडेसातलाच मिळेल असे कळवले, ते वगळले. घरगुती निवासांनी आनंदाने होकार दिला. खाखरे, मेतकूट व सुका मेवा सोबत होताच.

तरीही एक चूक झाली, आणि ती माझीच. सिगिरिया ते कँडी हे सुमारे नव्वद किलोमीटर अंतर मी अडीच तासांचे धरले. वाटेत मातलेच्या मसाल्याच्या बागेत विक्रेत्याच्या आग्रहाने वेळ गेला, पुढे कँडीच्या वाहतुकीत अडकलो आणि पोहोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. सौभाग्यवतींनी त्या रात्री पाणीही घेतले नाही. त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र झोप लागली नाही. येथील रस्त्यांवर तासाला तीस-पस्तीस किलोमीटरच धरावेत आणि मुक्कामी चारपूर्वी पोहोचावे, हा धडा मिळाला. दुसऱ्या दिवशी दंतमंदिर आणि पेरादेनियाचे वनस्पती उद्यान एवढेच पाहिले.

प्रवेश परवान्याचे नियम बदलत असतात. ते तिकिटापूर्वी शासकीय संकेतस्थळावर पाहावेत.

हॉटेलांना पाठवलेल्या मजकुराचा कागद सौभाग्यवतींनी आता स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आहे. मंदिरात भेटणाऱ्या तीन मैत्रिणींनी त्याची प्रत मागून नेली.