तीन दशांश मिलिमीटरची चीर

खंबाटकीचा घाट उतरून नीरेच्या दिशेने जाऊ लागले की खंडाळा तालुक्याचा जो उघडा माळरानी मुलूख दृष्टीस पडतो, तो सह्याद्रीच्या शिखरांपासून फारसा दूर नाही. परंतु महाबळेश्वरावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळत असता पर्जन्यछायेतील या मुलखाच्या वाट्यास त्याचा अल्पांशच येतो. पाऊस थोडा असला तरी आषाढ-श्रावणातील हवा दमटच असते आणि चैत्र-वैशाखात तीच हवा ओठ फुटावेत इतकी कोरडी होते. हवेची ही वार्षिक येरझार लाकडी कोडी कापण्याचा छंद जडलेल्या गृहस्थाने यंत्र खरेदी करण्यापूर्वीच ध्यानात घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण त्याने केलेले कोडे पुढल्या वर्षी जुळेल की अडेल, याचा निकाल त्याच्या हाताच्या कसबाइतकाच ही हवाही लावीत असते.

या कलेचा उगम नकाशात आहे. जॉन स्पिल्सबरी नावाच्या लंडनमधील नकाशे कोरणाऱ्या कारागिराने १७६० नंतरच्या दशकात महोगनीच्या पातळ फळीवर नकाशा चिकटवून तो देशोदेशींच्या सरहद्दींवरून बारीक हातकरवतीने कापला, आणि ते तुकडे पुन्हा जुळविता जुळविता मुलांनी भूगोल शिकावा अशी तजवीज केली. आपल्याकडील नवशिक्याने याच मार्गाने जावे. सातारा जिल्ह्याचे अकरा तालुके घ्यावेत, उत्तरेस नीरा, पूर्वेस फलटण आणि दक्षिणेस वाई अशा मर्यादांमध्ये खंडाळा बसवावा, आणि करवत डोंगराच्या धारेवरून व नदीच्या वळणावरून न्यावी. काल्पनिक नागमोडी रेषांपेक्षा अशा खऱ्या हद्दी कापण्यात हाताला शिस्त लागते, आणि कोडे सोडविणाऱ्या मुलाच्या पदरीही काही पडते.

अशा कामासाठी घ्यावयाच्या स्क्रोल सॉ या यंत्रात सुमारे १२७ मिलिमीटर लांबीचे पाते दोन बाहूंच्या टोकांत ताणून उभे धरलेले असते, आणि मोटारीच्या जोरावर ते मिनिटाला चारशेपासून सोळाशेपर्यंत वेळा खालीवर होते. कोड्यासाठी बहुधा दोन नंबरचे पाते पुरते. त्याची रुंदी पाऊण मिलिमीटरच्या आत आणि जाडी सुमारे ०.३ मिलिमीटर; लाकडात चीरही साधारण या जाडीएवढीच पडते. रुंदी इतकी थोडी असल्यामुळेच ते जागच्या जागी वळू शकते. पात्याचा ताण मात्र पुरेसा हवा. सैल पाते लाकडाच्या पोटात वाकते आणि तुकड्याची कड पिंपाच्या पोटासारखी फुगीर निघते. ताण बरोबर बसला की नाही, याची खातरजमा जाणकार कानाने करतात; बंद यंत्रातील पाते बोटाने छेडले असता बद्द आवाज न येता स्वच्छ, चढा स्वर निघावा.

दुसरी खातरजमा टेबलाच्या काटकोनाची. जाड लाकडाचा एक टाकाऊ तुकडा घेऊन त्याच्या कडेला लहानशी खाच पाडावी, मग तो तुकडा फिरवून तीच खाच पात्याच्या मागच्या बाजूस आणावी. पाते खाचेत वरपासून खालपर्यंत अलगद शिरले तर टेबल काटकोनात आहे, आणि वर अगर खाली अडखळले तर नाही. हा तपशील क्षुल्लक समजू नये, कारण टेबल अर्ध्या अंशाने कललेले असले तरी कापलेला तुकडा एकाच बाजूने निघतो आणि दुसऱ्या बाजूने हटून बसतो. याखेरीज पुष्कळशा पात्यांचे दात पोलादात कापून काढलेले असल्याने त्यांच्या एका अंगास सूक्ष्म कोर राहते व पाते त्या अंगाला ओढ घेते. तेव्हा फळी नाकासमोर न सारता किंचित तिरकी धरून सारण्याची सवय करावी, यंत्राला दोष देत बसू नये.

आता लाकडाविषयी, हा विषय सर्वांत गहन, आणि छांदिष्ट मंडळी याचीच सर्वांत अधिक उपेक्षा करतात. लाकूड तोडून, वाळवून, रंधून झाले तरी भोवतालच्या हवेतील ओल घेण्याचा आणि सोडण्याचा त्याचा धर्म सुटत नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही, परंतु तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते. सागासारखे स्थिर लाकूडदेखील हिरव्या अवस्थेतून पूर्ण शुष्क होईतो वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. समजा, वैशाखात फळीत ८ टक्के ओल आहे आणि श्रावणात ती १४ टक्क्यांवर गेली. तर वर्षवलयांच्या दिशेने वीस सेंटिमीटर रुंद असलेली सागाची फळी सव्वादोन मिलिमीटरांहून किंचित अधिक रुंदावेल. त्या रुंदीत आठ तुकडे बसविले असतील, तर त्यांमधील सात चिरांची सारी मोकळीक मिळून दोन-सव्वादोन मिलिमीटरच भरते. वैशाखात प्लायच्या पेटीत हलक्या हाताने बसणारे कोडे श्रावणात जखडून जाते, ते यामुळे.

यावर उपाय साधा आणि शास्त्रशुद्ध आहे. कोड्याची चौकट त्याच फळीतून, तंतूंची दिशा न बदलता, एकसंध कापून काढावी. कारण फळी फुगते तेव्हा तिच्यातील पोकळीही त्याच प्रमाणात मोठी होते, आणि तुकडे व चौकट यांचे परस्परांशी नाते अबाधित राहते. चार पट्ट्या जोडून केलेल्या चौकटीत हे घडत नाही, कारण तंतूंना आडवी जाणारी पट्टी स्वतःच्या लांबीत वाढत नाही. पेटी प्लायचीच करावयाची असेल तर कोडे पावसाळ्यात कापावे. उन्हाळ्यात ते थोडे सैल पडेल, पण अडणार नाही.

जेथे तुकड्यांना एकमेकांत अडकणाऱ्या बारीक मानेच्या घुंड्या ठेवावयाच्या असतील, तेथे मात्र अखंड लाकडाचा मोह सोडून उत्तम प्रतीचा प्लायच घ्यावा. घुंडीच्या मानेतून तंतू आडवे गेले की दोन-तीन वेळा जुळविताच ती मोडते. प्लायमध्ये थर एकाआड एक आडवे-उभे असल्याने दोन्ही दिशांना बळ राहते आणि फुगणेही नगण्य होते. कापण्यापूर्वी वरून चिकटपट्टी लावल्यास कड जळत नाही. खालच्या टोकाचे काही दात उलट्या दिशेचे असलेले पाते मिळाल्यास तळाची बाजूही झडत नाही.

आता शेवटच्या हाताविषयी. घासकाम वरच्या व खालच्या पृष्ठाचे करावे. कडेवरून पॉलिश पेपर केवळ कुसळे निघण्यापुरता फिरवावा. रंगाचा हिशेबही करावा, कारण ब्रशाने दिलेला एक हात वाळल्यावर साधारण ०.०३ मिलिमीटर जाड राहतो. समोरासमोरच्या दोन कडांवर तीन-तीन हात चढले तर ०.१८ मिलिमीटर, म्हणजे चिरेचा निम्म्याहून अधिक भाग रंगानेच भरला. म्हणून कडांना चपडा लाखेचे पातळ पॉलिश द्यावे, असा माझा आग्रह आहे. पळस, कुसुम, बोर या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी ही लाख स्पिरिटमध्ये विरघळते, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने अगदी पातळ लागते आणि काही मिनिटांत वाळते. उन्हाळ्या-पावसाळ्याचा हाच जाच सोसणाऱ्या मिरजेच्या तंबोऱ्या-सतारींनाही लाखेच्या पॉलिशनेच झळाळी येते. पाणी सांडले तर लाखेवर पांढरा डाग पडतो, हा तिचा दोष मान्य करावा लागतो. पण तो डाग स्पिरिटच्या बोळ्याने पुष्कळदा निघून जातो. पॉलिश दोन्ही पृष्ठांना सारखेच द्यावे, नाहीतर एक बाजू ओल लवकर घेते, दुसरी उशिरा, आणि पातळ तुकडा वाकतो.

लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक ठरली आहे, तेव्हा मास्काविना यंत्रापाशी बसू नये. आणि कोडे तीन वर्षांखालील मुलाच्या हाती जाणार असेल, तर ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या तिरप्या तळाच्या मापनळीत पूर्ण मावणारा एकही तुकडा त्यात नसावा, हा खेळण्यांच्या सुरक्षिततेचा सर्वमान्य दंडक पाळावा. खंडाळ्याचा किंवा जावळीचा तुकडा त्या नळीत जात असेल तर नकाशाच मोठ्या मापाचा घ्यावा.